फोनच्या यंत्रणेत सुधारणा आखताना: ॲस्टेरिस्कमध्ये पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

हापूसचा हंगाम भरात आला की देवगड-रत्नागिरीकडच्या विक्री केंद्रांत फोन खाली ठेवायला उसंत नसते. पेटी आहे का, डझनाचा दर काय, ठाण्याला कधी पोचेल, मागच्या वेळी दोन फळं डागी निघाली त्याचं काय. असं केंद्र असो, तालुक्यातला दवाखाना असो, की तारकर्लीत चार-पाच घरांनी मिळून चालवलेला होमस्टेचा बुकिंग नंबर असो, सगळ्यांना एक छोटं एक्स्चेंज लागतं. ते जुन्या कॉम्प्युटरवर ॲस्टेरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरने उभं करता येतं आणि कसं बसवायचं याची माहितीही भरपूर मिळते. अडचण पुढे येते. यंत्रणा चालू असते, पण काहीतरी कमी आहे असं सारखं जाणवत राहतं. ती कमतरता दूर करायची तर सुरुवात कुठून करायची?

लिनक्सवर एखादी फाइल उघडून बदलता येते, एवढ्या तयारीचा वाचक मी धरला आहे. सी भाषा आली तर शेवटच्या टप्प्यात उपयोगी पडेल, नाही आली तरी बरंच काम होईल. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक सुधारणांसाठी कोडला हात लावावा लागतच नाही. ज्यांना लागतो, त्या स्वतःच्याच मशीनवर ठेवून दिल्या तर प्रत्येक अपग्रेडला त्या पुन्हा निस्तराव्या लागतात. म्हणून नेमकं काय बदलायचं आणि ते कुठल्या थरात बदलायचं, हे ठरवण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

आपल्यासमोर नेमकं काय आहे ते ओळखा

ॲस्टेरिस्क मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. त्यांच्या कंपनीचं नाव पुढे डिजियम झालं आणि २०१८ मध्ये ती सांगोमा कंपनीने विकत घेतली. सॉफ्टवेअरचा परवाना जीपीएल आवृत्ती दोन, म्हणजे मूळ कोड वाचायला आणि बदलायला मोकळा. कॉल घेणं, जोडणं, रांगेत ठेवणं, निरोप रेकॉर्ड करणं ही सगळी कामं ॲस्टेरिस्कच करतं. फ्रीपीबीएक्स हे त्याच्यावर बसवलेलं वेब पॅनेल. तुम्ही ब्राउझरमध्ये बटणं दाबता आणि ते मागे ॲस्टेरिस्कच्या सेटिंगच्या फाइली लिहितं.

हा फरक नवख्यांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. फ्रीपीबीएक्सने तयार केलेल्या फाइलीत हाताने बदल केलात, तर पॅनेलवर पुढच्या वेळी ‘अप्लाय’ दाबताच तो बदल पुसला जातो. त्यासाठी शेवटी ‘कस्टम’ असं नाव असलेल्या वेगळ्या फाइली ठेवलेल्या आहेत, आपलं लिखाण तिथेच करायचं. फ्रीस्विच आणि कॅमेलिओ या दुसऱ्या मुक्त फोन-सॉफ्टवेअरांची नावंही कानावर येतील. कॅमेलिओ हजारो फोनांची वाहतूक वळवण्यासाठी चांगलं, पण वीस फोनांच्या कार्यालयात त्याची गरज नाही.

गाऱ्हाणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या

फोन उचलणाऱ्या माणसांशी बोला. मॅनेजरशी नंतर. काउंटरवर बसणाऱ्या ताई, संध्याकाळी फोन सांभाळणारे काका, घरून बुकिंग घेणाऱ्या वहिनी, यांना विचारा की काय होतं. उत्तरं अशी येतील: ‘पावसात फोन लागतच नाही.’ ‘गिऱ्हाईक म्हणतं, मी कधीचा धरून बसलोय.’ ‘आमचं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आम्हाला येत नाही.’ ‘ती इंग्रजी बाई बोलायला लागली की आजोबा फोन ठेवून देतात.’

हे जसंच्या तसं वहीत उतरवा. लगेच त्याचं तांत्रिक भाषेत रूपांतर करू नका. ‘पावसात फोन लागत नाही’ या एका वाक्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात. तुम्ही घाईने ‘ट्रंक डाऊन’ (ट्रंक म्हणजे कंपनीकडून घेतलेली बाहेरची लाइन) असं लिहून ठेवलंत, तर बाकीची तीन तिथेच दडपली जातात. प्रत्येक तक्रारीपुढे तारीख, साधारण वेळ आणि कुठल्या फोनवर घडलं एवढंच टिपा. या तीन गोष्टी नसतील तर पुढची पायरी चढता येत नाही.

मग नोंदी काढा

ॲस्टेरिस्क प्रत्येक कॉलची नोंद ठेवतं, तिला सीडीआर म्हणतात. त्यात कॉल किती वेळ चालला, त्यातला किती वेळ उचलल्यानंतरचा आणि शेवटी काय झालं, उचलला, व्यस्त, उत्तर नाही की अयशस्वी, हे असतं. इथे एक सापळा आहे. तुमच्याकडे ‘मराठीसाठी एक दाबा’ असं सांगणारा आयव्हीआर असेल, तर कॉल त्यानेच उचललेला असतो. म्हणजे माणूस एकदाही बोलला नाही, वैतागून फोन ठेवून गेला, तरी सीडीआरमध्ये ‘उचलला’ हीच नोंद पडते. ती पाहून ‘आपण जवळजवळ सगळे कॉल घेतो’ असा अहवाल संचालक मंडळापुढे जातो आणि सगळे खूश होतात.

खरी गोष्ट रांगेच्या नोंदीत मिळते. ‘क्यू लॉग’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘अबँडन’ अशी ओळ आली की समजायचं, माणूस वाट पाहून निघून गेला. त्या ओळीपुढे तीन आकडे असतात: सोडताना तो रांगेत कितवा होता, आला तेव्हा कितवा होता आणि किती सेकंद थांबला. ‘रिंग नो आन्सर’ ही ओळ सांगते की अमुक फोन वाजला पण कोणी उचलला नाही. या दोन प्रकारच्या ओळी तासांप्रमाणे मोजून एका तक्त्यात मांडा. लोक सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान तिसऱ्या क्रमांकावर असताना सोडून जातात असं दिसलं, तर उपाय बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. त्या दोन तासांना फोनवर आणखी एक माणूस बसवा.

आवाज एकाच बाजूने येण्याची तक्रार असेल तर ‘एसएनग्रेप’ नावाचं छोटं साधन बसवा. कॉल जोडण्याची बोलणी सिप या भाषेत होतात, ती हे साधन पडद्यावर शिडीसारखी मांडून दाखवतं. आवाज मात्र सिपमधून जात नाही, तो आरटीपी नावाच्या वेगळ्या वाटेने जातो. म्हणूनच घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि तरीही ऐकू येत नाही. राउटरच्या मागे असलेलं ॲस्टेरिस्क समोरच्याला आपला घरातला पत्ता देऊन बसतं, बाहेरून येणारा आवाज त्या पत्त्यावर पोचत नाही. बाहेरचा पत्ता आणि घरातल्या नेटवर्कची हद्द सेटिंगमध्ये लिहिली आणि आरटीपीचे पोर्ट, जे मुळात दहा हजार ते वीस हजार असतात, राउटरवर नीट वळवले की हे दुखणं बरंच मिटतं.

तक्रार चाळून घ्या

आता वहीतल्या प्रत्येक तक्रारीपुढे एक खूण करा. ती सेटिंगची आहे, नेटवर्क-विजेची आहे, आवाजाच्या फाइलींची आहे, की खरोखरच सॉफ्टवेअरमध्ये नसलेल्या गोष्टीची? शेवटच्या रकान्यात फार थोडं उरतं.

पावसाचंच उदाहरण घेऊ. जूननंतर कुठे खणलेल्या रस्त्यात, कुठे कोसळलेल्या झाडाखाली फायबर तुटते. तुमच्या राउटरला ते कळत नाही, कारण तुटकी जागा पाच किलोमीटर पलीकडे असते. ॲस्टेरिस्क बाहेरचा कॉल लावायला विनंती पाठवतं आणि उत्तराची वाट पाहत बसतं. सिपच्या प्रमाणित नियमांनुसार, ते नियम २००२ चे आहेत, ही वाट ३२ सेकंदांपर्यंत चालते. अर्धा मिनिट कानात काहीच नाही. माणूस फोन आपटतो आणि म्हणतो, लागत नाही.

दुसऱ्या कंपनीची लाइन घेऊन ठेवलेली असते, पण पहिली मेली हे यंत्रणेला कळेपर्यंत दुसरीकडे वळायची वेळच येत नाही. पीजेसिपमध्ये, म्हणजे ॲस्टेरिस्कच्या सिप बोलणाऱ्या नव्या मॉड्यूलमध्ये, ‘क्वालिफाय फ्रिक्वेन्सी’ नावाची एक सेटिंग आहे. ती मुळात शून्य, म्हणजे बंद असते. ती तीस किंवा साठ सेकंदांवर ठेवली की ॲस्टेरिस्क ठरावीक अंतराने लाइन जिवंत आहे का ते विचारत राहतं. उत्तर आलं नाही की लाइन मेली अशी नोंद करतं आणि पुढचा कॉल तिच्यावर पाठवायचाच नाकारतं. मग डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉल कुठे न्यायचा याचे नियम लिहिलेल्या फाइलीत, ‘पहिली उपलब्ध नसेल तर दुसरीवर जा’ हे दोन ओळींत लिहायचं. नवा कोड शून्य.

दुसरं सोपं प्रकरण. १५ जानेवारी २०२१ पासून देशात लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. लँडलाइन मालिकेची ट्रंक असलेल्या जुन्या यंत्रणेत हा नियम लिहिलेलाच नसतो, आणि ‘काही मोबाइल लागतात, काही लागत नाहीत’ अशी तक्रार येते, कारण काही जणांना शून्य लावायची सवय असते. सहा ते नऊपैकी एका आकड्याने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला तर पुढे शून्य जोडा, एवढा नमुना डायलप्लॅनमध्ये घालायचा. मात्र ट्रंक देणाऱ्या कंपनीला नंबर कोणत्या रूपात हवा ते आधी विचारा, काहींना देशाचा कोड लागतो.

खऱ्या सुधारणेचं एक उदाहरण: मराठीत मोजणारं ॲस्टेरिस्क

‘ती इंग्रजी बाई’ ही तक्रार मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती गुंतागुंतीची आहे, उपयोगाची आहे आणि नवखा माणूस ती तडीस नेऊ शकतो. आराखडा कसा वाढत जातो ते हिच्यावर पाहू.

पहिला विचार साहजिक असतो: मराठीत वाक्यं रेकॉर्ड करायची आणि इंग्रजीच्या जागी ठेवायची. ॲस्टेरिस्कमध्ये प्रत्येक भाषेच्या आवाजांचा वेगळा फोल्डर असतो. चॅनेलची, म्हणजे चालू कॉलची, भाषा मराठी केली की ते मराठी फोल्डरमध्ये फाइल शोधतं, सापडली नाही तर इंग्रजी वाजवतं. स्वागताचं वाक्य, ‘कृपया थांबा’, ‘धन्यवाद’ हे लगेच जमतं. गाडी अडते ती आकड्यांवर.

इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि मग तीस, चाळीस असे दशक रेकॉर्ड केले की झालं, सत्तेचाळीस म्हणायला चाळीस आणि सात जोडता येतात. अनोळखी भाषेसाठी ॲस्टेरिस्क हाच इंग्रजी नियम लावतं. म्हणजे तुमच्या सुंदर मराठी आवाजात ऐकू येईल ‘चाळीस सात’. आपल्याकडे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे, एकोणसाठ काय नि बहात्तर काय, कशातून काही जोडून तयार होत नाही. शंभरावरही घोळ आहे: नुसतं असेल तर शंभर, पुढे काही असेल तर एकशे. आणि वर लाख, कोटी, जिथे इंग्रजी नियम मिलियनकडे वळतो.

म्हणजे कोड बदलायचा? थांबा. आधी वर्तमानात काय उपलब्ध आहे ते पाहा. ॲस्टेरिस्कमध्ये ‘से’ नावाची सेटिंगची फाइल आहे, तिच्यात प्रत्येक भाषेसाठी आकडे कसे उच्चारायचे याचे नमुने लिहिता येतात. दोन आकडी संख्या आली तर त्याच नावाची फाइल वाजवा, ही झाली एक ओळ. तीन आकडी, पहिला एक आणि पुढची दोन शून्यं असतील तर शंभर, एरवी शेकड्याची फाइल आणि उरलेल्यासाठी पुन्हा हाच नियम. सहा-सात आकडी असेल तर शेवटचे पाच बाजूला ठेवून आधीच्यांना लाख लावा. दहा-बारा ओळींत काम होतं. सी मधला मूळ कोड वाचायची हौस असेल तर उर्दूसाठी लिहिलेला भाग पाहा. तिथेही शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळं नाव आहे, त्यामुळे आपला प्रश्न कुणीतरी आधी सोडवलेला दिसेल.

एक काळजी. या फाइलीतले नियम चालू करायचे तर तिची पद्धत ‘न्यू’ करावी लागते, आणि ती एकदा केली की सगळ्याच भाषांना लागू होते. मराठी तपासताना इंग्रजीचा आयव्हीआरही ऐकून घ्या.

रेकॉर्डिंगची यादी आता मोजून काढता येते. शून्य ते नव्व्याण्णव शंभर फाइली, शंभर, एकशे ते नऊशे मिळून दहा, आणि हजार, लाख, कोटी या तीन. एकूण ११३. ‘दोन’ आणि ‘शे’ वेगळे रेकॉर्ड करून जोडायचा मोह टाळा, जोड कानाला खटकतो. फोनची वाट अरुंद असते, त्यामुळे फाइल एका सेकंदाला आठ हजार नमुने, एकच चॅनेल, सोळा बिट अशी लागते. रेकॉर्डिंग चांगल्या प्रतीत करून ठेवा आणि ‘सॉक्स’ या साधनाने उतरवा, मूळ प्रत जपून. खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तर बसूच नका. सगळे आकडे एकाच बैठकीत, एकाच सपाट सुरात वाचून घ्या. वाचणाऱ्याचा सूर प्रत्येक आकड्याच्या शेवटी खाली येत असेल, तर ‘एक लाख बावीस हजार’ हे चार वेगळी वाक्यं असल्यासारखं ऐकू येतं. आवाज देणाऱ्या व्यक्तीकडून लेखी परवानगी घ्या आणि आवाज कोणत्या परवान्याखाली वाटायचे तेही तेव्हाच ठरवा, नंतर ते सगळ्यांना देता आले पाहिजेत.

रांगेच्या वाक्यांत आणखी एक खाच आहे. ॲस्टेरिस्क आधी एक फाइल, मग आकडा, मग दुसरी फाइल वाजवतं, हा क्रम ठरलेला असतो. मराठीत पहिली फाइल ‘रांगेत तुमचा क्रमांक’ आणि शेवटची ‘आहे’ अशी केली की वाक्य नैसर्गिक होतं. काही जण तिथे ‘तुमच्या आधी’ आणि ‘जण आहेत’ असं रेकॉर्ड करतात. ते ऐकायला गोड लागतं, पण तो आकडा आधीच्यांचा नसून स्वतः थांबलेल्या माणसाच्या जागेचा असतो. त्यामुळे दर वेळी एक माणूस जास्त सांगितला जातो.

भाषा कोणती हे तुमच्या गिऱ्हाइकावरून ठरवा. मालवणातल्या होमस्टेला स्वागत मालवणीत करायची हौस असेल तर जरूर करा, मुंबईकर पाहुण्याला ते आवडतं. दर, तारखा आणि रांगेचा क्रमांक मात्र प्रमाण मराठीत, आणि इंग्रजीचा पर्याय हाताशी ठेवून. शहरातली तरुण मंडळी ‘एकोणऐंशी’ ऐकून चाचपडतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण फोन-यंत्रणा ही त्यांना धडा शिकवायची जागा नव्हे.

आराखडा एका पानावर

इतकं झालं की कागद घ्या. वर एका वाक्यात अडचण, ज्याने तक्रार केली त्याला वाचून दाखवली तर ‘हो, हेच’ म्हणेल अशी. खाली सध्या काय होतं आणि काय व्हायला हवं. मग कोणत्या थरात बदल करायचा: डायलप्लॅन, सेटिंगची फाइल, बाहेरून जोडलेला छोटा प्रोग्राम, की मूळ कोड. क्रम हाच ठेवा आणि वरच्या थरात जमत असेल तर खाली उतरू नका. हंगामाचे दर डेटाबेसमधून वाचून सांगायचे असतील, तर त्यासाठी एआरआय किंवा एजीआय ही दारं ठेवलेली आहेत, पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्राम त्यातून ॲस्टेरिस्कशी बोलतो.

त्याच पानावर दोन गोष्टी बहुतेक जण लिहायला विसरतात. एक, या सुधारणेत काय करणार नाही. मराठी आकड्यांच्या कामात ‘दीड, अडीच, पावणेदोन’ आत्ता घेणार नाही, असं स्पष्ट लिहा, नाहीतर समितीतले कुणी ना कुणी ते हळूच घुसवतात. दोन, झालं हे कशावरून ओळखायचं. ‘लोक खूश’ हे मोजता येत नाही. क्यू लॉगमध्ये सोडून गेलेल्या कॉलचं प्रमाण मोजता येतं, आणि ‘शून्य, सात, एकोणतीस, शंभर, एकशे एक, नऊशे नव्व्याण्णव, एक हजार, एक लाख पाच’ ही तपासणीची यादी कानाने ऐकून टिकमार्क करता येते.

तपासायला वेगळी जागा

चालू यंत्रणेवर प्रयोग करू नका, एप्रिलमध्ये तर नकोच. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन करा किंवा एखादा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या. फोन म्हणून मोबाइलवर लिनफोन पुरतो. गर्दीची चाचणी घ्यायची असेल तर ‘सिपपी’ हा प्रोग्राम एका वेळी शेकडो खोटे कॉल पाठवू शकतो. लिनक्समधल्या ‘नेटएम’ने नेटवर्क मुद्दाम बिघडवता येतं: पाकिटं हरवतील, उशिरा येतील, पावसाळ्यातल्या मोबाइल डेटासारखं. बँडविड्थचा अंदाज घेताना लक्षात ठेवा, जी-७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाज स्वतः ६४ केबीपीएस घेतो, पण पाकिटांची वेष्टनं धरून एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात.

आवृत्ती निवडताना एलटीएसच, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी, घ्या. १८ ही २०२० मध्ये आली, २० ही २०२२ मध्ये, २२ ही २०२४ मध्ये. एलटीएसला चार वर्षं पूर्ण दुरुस्त्या आणि पुढे एक वर्ष फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. जुन्या यंत्रणेतून येत असाल तर एक धोक्याची जागा आहे. ‘चॅन सिप’ हा जुना मॉड्यूल २१ व्या आवृत्तीपासून काढून टाकला आहे, डायलप्लॅनमधल्या ओळी पुन्हा वापरायची ‘मॅक्रो’ ही जुनी सोयही त्याच वेळी गेली. या दोन्हींवर उभा असलेला डायलप्लॅन २२ वर चालणारच नाही. त्या कार्यालयाची पहिली सुधारणा पीजेसिपवर जाणं हीच.

मशीन कुठे ठेवायचं हाही आराखड्याचाच भाग. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. वरच्या मजल्यावर, भिंतीच्या वरच्या भागात फळी ठोकून ठेवा. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज बरेच दिवस नव्हती. इतक्या लांबच्या अंधाराला इन्व्हर्टर पुरत नाही. तेव्हा मुख्य नंबर मोबाइलवर वळवायची सोय ट्रंक कंपनीच्या बाजूला आधीच करून ठेवा, कारण तुमचं मशीनच बंद असेल तर त्याच्यावरची वळवणी काय कामाची? रोज जाणाऱ्या-येणाऱ्या विजेत मेमरी कार्ड खराब होतं, रास्पबेरी पायला कार्डाऐवजी एसएसडी लावा. तांब्याच्या तारेची लाइन असेल तर विजेपासून बचाव करणारं सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच.

चार गोष्टी ज्यात चालढकल नको

सिपचं ५०६० पोर्ट इंटरनेटला सताड उघडं ठेवलं की जगभरातून पासवर्ड ओळखायचे प्रयत्न सुरू होतात, आणि एखादा जमला तर रातोरात परदेशी कॉलचं बिल चढतं. ट्रंक कंपनीच्या पत्त्यापुरतंच ते उघडा, लांब पासवर्ड ठेवा, चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्याला अडवणारं फेल-टू-बॅन बसवा, परदेशी कॉलची गरज नसेल तर ते बंद करून घ्या.

ट्रंक परवानाधारक कंपनीचीच घ्या. स्वस्तात कॉल मिळवून देतो म्हणून डझनभर सिमकार्डांचा डबा लावून देणारे भेटतात, त्या वाटेला जाऊ नका. तो गुन्हा आहे.

कॉल रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीलाच तसं सांगणारं वाक्य वाजवा आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार ते ठरवा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा लोकांची माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो.

आणि आपत्कालीन नंबर. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांना आठवतात. किनाऱ्यावर त्यात सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हेही आले. आतल्या फोनांना एकने सुरू होणारे चार आकडी नंबर दिलेत तर नेमके हेच कुणाच्या तरी टेबलावर वाजू शकतात. म्हणून आतले नंबर दोन किंवा तीनने सुरू करा. हे छोटे नंबर तुमच्या ट्रंकवरून जातात का ते कंपनीला लेखी विचारा. चाचणी म्हणून उगाच ११२ लावून बसू नका.

कोडपर्यंत गेलातच, तर वर पाठवा

समजा खरंच मूळ कोडमध्ये बदल हवा आहे, किंवा तुम्हाला दोष सापडला आहे. ॲस्टेरिस्कचं काम २०२३ पासून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर चालतं. दोषांची नोंद मुख्य ठिकाणी, नव्या सोयींची मागणी वेगळ्या ठिकाणी, आणि सुरक्षेचा दोष असेल तर उघडपणे नव्हे, खासगी मार्गाने. नुसती मागणी टाकून कुणी ती करून देईल याची वाट पाहू नका. ती सोय ज्याला हवी, त्यानेच लिहायची असा तिथला रिवाज आहे.

कोड लिहिण्याआधी विचार मांडा: अडचण अशी, माझा बेत असा, जुन्या वापरकर्त्यांचं काही मोडणार नाही कारण असं. तुमचं एक पान इथे जवळजवळ तसंच वापरता येतं, फक्त इंग्रजीत. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. नोंदीत आवृत्ती, सेटिंग आणि तो दोष पुन्हा घडवून दाखवायच्या पायऱ्या असल्या म्हणजे झालं. ‘इट इज नॉट वर्किंग’ या वाक्याला मात्र कुठल्याच भाषेत उत्तर मिळत नाही.

पहिल्यांदा कोड देताना योगदानाच्या करारावर ऑनलाइन सही करावी लागते. बदल मुख्य शाखेवर पाठवायचा आणि कोणत्या जुन्या आवृत्त्यांतही तो जावा ते सांगायचं. सोबत चाचणी असेल तर स्वीकारायची शक्यता वाढते, कारण तपासणाऱ्याला तुमच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. ‘हे नाव बदला’, ‘इथे मेमरी मोकळी करा’ अशा सूचना येतील. त्या कोडवर असतात, तुमच्यावर नसतात. एका पाठवणीत एकच बदल ठेवा. मराठी आकडे आणि रांगेची दुरुस्ती एकत्र बांधून पाठवलीत तर दोन्ही अडकतील.

बदल कधी लावायचा

इथलं कॅलेंडर वेगळं आहे. मार्च ते मे आंबा आणि पर्यटक, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीला आलेले चाकरमानी, डिसेंबरअखेरीस पुन्हा किनाऱ्यावर गर्दी. दसऱ्यानंतरचे काही आठवडे किंवा जानेवारीचा उत्तरार्ध बरा. पावसाळ्याची तयारी, म्हणजे दुसरी लाइन, वळवणी, इन्व्हर्टरची बॅटरी, हे मात्र मिरगाआधी झालंच पाहिजे.

लावताना सेटिंगचा पूर्ण फोल्डर आधी कॉपी करून ठेवा, आणि शक्य असेल तर तो गिटमध्ये घाला, म्हणजे कोणी कधी काय बदललं ते दिसतं. परत फिरायची पद्धत कागदावर लिहून मशीनशेजारी चिकटवा, कारण बिघाड झाला तेव्हा तुम्ही एसटीत, घाटात, रेंज नसलेल्या वळणावर असण्याची शक्यताच जास्त. फोन उचलणाऱ्यांना दोन दिवस आधी सांगा: उद्यापासून आवाज मराठीत येईल, गिऱ्हाईक काय म्हणतं ते या वहीत लिहा.

महिन्याभराने तोच तक्ता पुन्हा काढा, त्याच तासांचा, त्याच प्रकारच्या ओळींचा. हंगाम वेगळा असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. मेची जानेवारीशी तुलना करून काही हाती लागत नाही. सोडून गेलेले कॉल कमी झाले नसतील तर वही उघडा. तिथे बहुतेक लिहिलेलं सापडेल की मराठी आवडलं, पण स्वागताचं वाक्य फार लांब आहे.